जुनी कूपे, नवी गाडी आणि पोचेमामा

पोचेमामांचं खरं नाव काय, हे त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. गाडीला पोचा आला की लोक म्हणायचे, "मामांकडे टाका." पोचे काढणारे मामा, म्हणून पोचेमामा. बँकेतली कारकूनबाईसुद्धा फॉर्म पुढे सरकवताना म्हणायची, "पोचेमामा, सही इथे," आणि मग फॉर्मवरचं नाव वाचून स्वतःच दचकायची.

त्यांची शेड लांबट होती. एका भिंतीवर हातोड्या ओळीनं टांगलेल्या, लाकडी, रबरी, लोखंडी, एक तर चामडं गुंडाळलेली. खाली वाळू भरलेली चामड्याची जाड उशी. पत्रा त्या उशीवर ठेवून ठोकत राहिलं की हळूहळू त्याला गोलाई येते. पण मामांचं खरं हत्यार म्हणजे त्यांचा डावा तळहात. ते हातात पातळ सुती मोजा घालायचे, डोळे मिटायचे आणि गाडीच्या अंगावरून हात फिरवायचे. "डोळा रंगाला भुलतो," ते म्हणायचे, "तळहात भुलत नाही."

आणि पोचा त्यांना वाचता यायचा. एकदा एकानं येऊन सांगितलं की गाईनं धडक दिली. मामांनी पोच्याच्या तळातून नखानं रंगाचा एक कपटा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "गाय पिवळी होती वाटतं?" म्हणाले. तो गृहस्थ लाजून खाली बघायला लागला. मामांनी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवायची त्यांना सवय होती. पत्रा बरंच काही सांगतो, पण आपण ते गावभर करत फिरायचं नसतं, असं त्यांचं मत.

नव्या गाड्यांबद्दल मात्र ते तोंड आवरायचे नाहीत. "हे काय पत्रे म्हणायचे? जोरात शिंकलं तरी पोचा येतो." बाकी तिथे ठोकायचं कामही फारसं उरलं नव्हतं. भाग काढायचा, नवा लावायचा, की झालं. मामा वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आपल्या धंद्याकडे असे बघायचे, जसा एखादा माणूस रिकाम्या होत चाललेल्या घराकडे बघतो.

घरात बायको, मुलगा आणि सून. मुलगा दवाखान्यात नर्स. सून गाड्या चालवायची. म्हणजे शहराबाहेर गाड्यांचा जो मोठा कारखाना होता, त्याच्या चाचणीच्या ट्रॅकवर ती नव्या गाड्या पिटाळायची. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. ती कामावरून यायची, हात धुवायची, बशा मांडायची. मामांनी तिला तिच्या कामाबद्दल कधी धड विचारलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एक चित्र होतं, की ही दिवसभर घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरते आणि संध्याकाळी घरी येते. शिवाय ज्या गाड्यांना आपण नावं ठेवतो, त्याच सूनबाई चालवते, तेव्हा विषय न काढलेला बरा, असाही एक भाग होता.

एका संध्याकाळी तीच म्हणाली, "बाबा, डॉक्टरबाईंची कूपे परवा आमच्याकडे येतेय."

मामांचा घास हातातच राहिला.

ती कूपे म्हणजे मामांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. ओल्या पाटीच्या रंगाची, दोनच दारांची, आणि छप्पर असं की माथ्यावरून थेट शेपटीपर्यंत एका दमात उतरत जावं. साठ वर्षांपूर्वी ती बनवली तेव्हा कारखान्यातल्या माणसांनी तिचा पत्रा हातानं घडवला होता. सव्वीस वर्षांपूर्वी ती मामांच्या शेडमध्ये ट्रकवरून आली, तेव्हा तिची डावी बाजू कागदाच्या बोळ्यासारखी झाली होती. डॉक्टरबाईंचे यजमान ती चालवत होते. रस्त्याच्या डाव्या कडेला पाणी साचलेलं, समोर काहीतरी आडवं आलं, त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरून झाडावर गेली. अकरा दिवस ते दवाखान्यात बेशुद्ध होते. मग गेले.

सगळ्यांनी बाईंना सांगितलं, भंगारात द्या. बाई हाडांच्या डॉक्टर. त्या शेडमध्ये येऊन गाडीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हाडं जुळवते मामा, तुम्ही पत्रा जुळवा. घाई नाही." मामांना चौदा महिने लागले. बाकीचं काम संपलं की ते त्या गाडीजवळ बसायचे. एकट्या दाराला सात आठवडे गेले. गाडी तयार झाली त्या दिवशी बाईंनी डाव्या बाजूवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि गाडी चालवत घेऊन गेल्या. तेव्हापासून गाडीचं सगळं मामांकडेच.

"तुमच्याकडे कशाला?" मामांनी सुनेला विचारलं.

"आमची नवी स्पोर्ट्स कार येतेय ना, ती तिच्याच वळणावर काढलीय. इंजिनियर लोकांना दोन्ही शेजारी उभ्या करून बघायच्यात, मोजायच्यात. चालत्या स्थितीतली जुनी गाडी आता शोधून सापडत नाही. बाई हो म्हणाल्या, पण त्यांची अट आहे."

"कसली?"

"मामा बरोबर आले तर."

मामांच्या बायकोनं वाढता वाढता म्हटलं, "जा की. जन्मभर लोकांच्या मोडक्या गाड्या बघितल्या, एकदा धडधाकट बघा."

ठरलेल्या दिवशी सकाळी ट्रॅकवरच्या मोठ्या हॉलमध्ये दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. वरून पांढरा सपाट उजेड. मामा दारातच थांबले. नवी गाडी रुंद होती, जमिनीला चिकटलेली, जणू उडी मारायच्या आधी दबा धरून बसलेलं जनावर. पण छपराची रेषा तीच. आजोबांच्या फोटोशेजारी नातू उभा केल्यावर भुवई तीच दिसावी, तसं.

चष्मेवाला इंजिनियर पुढे आला. "हात लावून बघा, मामा."

मामांनी खिशातून सुती मोजा काढला. आधी जुनीवरून हात फिरवला, ओळखीच्या माणसाला भेटावं तसा. मग नवीकडे वळले, डोळे मिटले आणि बॉनेटपासून सुरुवात केली. चाकावरचा फुगवटा, दार, मागची कड. ते पुढे गेले, परत मागे आले. कुठेतरी लाट लागेल, कुठेतरी खळगा लागेल, म्हणून हात शोधत राहिला. काहीच लागेना. शांत पाण्यावरून हात फिरवावा, तसं वाटत होतं.

"हा पत्रा नाही," ते डोळे न उघडता म्हणाले.

"नाही. कार्बनचे धागे विणून, साच्यात घालून भाजलेत. चार माणसं हे अख्खं अंग हातावर उचलतात."

मग इंजिनियरनं जुन्या गाडीवर मोजणीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर गाडी रंगीत डागांनी उमटली. डाव्या दाराच्या खालच्या बाजूला एक पिवळा ठिपका होता. "इथे दोन मिलिमीटर उंच आहे," तो सहज म्हणाला.

मामांनी वाकून तिथे हात ठेवला. दाबला. पुन्हा फिरवला. होतं. सव्वीस वर्षं त्यांच्या हाताखालून निसटलेलं ते, यंत्राला एका मिनिटात सापडलं होतं. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. ते त्या पडद्याकडे असे बघत राहिले, जणू कुणी त्यांना स्वतःचीच पाठ पहिल्यांदा दाखवत होतं.

"एवढ्या मोठ्या बाजूवर एकच ठिपका?" इंजिनियर म्हणाला. "ही बाजू कुणी केली?"

डॉक्टरबाई बाजूच्या बाकावर काठी टेकून बसल्या होत्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या, पण नजर तशीच धारदार. "तुमच्या पुढ्यात उभे आहेत," त्या म्हणाल्या. इंजिनियरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मामांना थोडा धीर आला. ते दोन्ही गाड्यांत बसून आले. जुनीच्या काचा मोठ्या, खांब बोटभर, आत बसून चहूकडचं जग दिसतं. नवीत विहिरीत उतरल्यासारखं. "हिच्यात बाहेर कोण आहे तेच दिसत नाही," त्यांनी निकाल दिला. जुनीचं इंजिन चालू केलं, तर ते खाकरून, घसा साफ करून सुरात आलं. नवीनं एकदम डरकाळी फोडली. "ही ओरडते, ती बोलते," मामा बाईंना म्हणाले. एकूण सामना आपल्याकडे झुकतोय, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात सूनबाई हेल्मेट घेऊन आली. "चला बाबा, बसा."

घरात बशा मांडणारी ही पोरगी. तिनं पट्टे आवळले, मामांचा पट्टा दोनदा ओढून पाहिला, आरसा बोटानं केसभर हलवला आणि गाडी सोडली. मामांची पाठ आसनात रुतली. सरळ रस्ता संपून वळण समोर आलं, तेव्हा मामांच्या मनानं ब्रेक कधीच दाबला होता. तिनं तो अजून दाबला नव्हता. मग दाबला, आणि गाडी वळणात अशी शिरली, जसा दोरा सुईत जावा. मामांनी सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा शांत होता. हात जेमतेम हलत होते. पुढचं वळण ती आधीच बघत होती, त्याच्या पुढचंही. चार वर्षं एका घरात राहून आपण हिला ओळखतच नाही, हे मामांना त्या वेगात लख्ख कळलं.

तीन फेऱ्यांनंतर ती एका लांब सरळ पट्ट्याच्या तोंडाशी थांबली. पट्ट्याची उजवी बाजू कोरडी. डाव्या बाजूला चकचकीत फरशी आणि तिच्यावरून सतत वाहणारं पाणी.

"आता डावी चाकं पाण्यात, उजवी कोरड्यावर ठेवून ऐंशीला ब्रेक दाबायचा," ती म्हणाली.

या पट्ट्यावर काय होतं, ते मामांनी चौदा महिने हातानं चाचपलं होतं. कोरडी चाकं धरतात, ओली सुटतात, आणि गाडी फिरते. "नको, सूनबाई," ते म्हणाले. "हे सोडून काहीही कर."

तिलाही ती हकिकत ठाऊक होती. तिनं इंजिन मंद केलं. "बाबा, नको असेल तर उतरा. मी रागावणार नाही. पण मी हे आठवड्यातून चाळीस वेळा करते."

मामांनी त्या पाण्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. "कर."

गाडी सुटली. डावीकडून पाण्याचा फवारा उडाला. तिनं ब्रेक पूर्ण दाबला आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मामांनी डोळे मिटायला हवे होते, पण मिटले नाहीत. पायाखाली चाकं थरथरली. समोरचं स्टेअरिंग, कुणाचा हात नसताना, आपणहून किंचित फिरलं, परत आलं. आणि गाडी थांबली. सरळ. नाक जिथे होतं तिथेच.

पाणी वाहत होतं.

"कोण चालवत होतं आत्ता?" मामांनी शेवटी विचारलं.

"गाडी. प्रत्येक चाकाला ती सेकंदात कितीतरी वेळा विचारते, तू सुटतंयस का? सुटत असेल तर थोडं सैल करते, धरत असेल तर आवळते. आणि फिरायला लागली तर स्वतःच स्टेअरिंग सावरते."

"पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. तिसऱ्या वेळी मामा खाली उतरले, ओल्या फरशीवरून चालत मागे गेले आणि वाकून कोरड्या बाजूवरच्या रबराच्या खुणा बघितल्या. रेषा रुळासारख्या सरळ होत्या. आयुष्यभर त्यांनी जे वाचलं होतं, ते मोडल्यानंतरचं. न मोडलेल्या गोष्टीची खूण ते पहिल्यांदा वाचत होते.

कठड्यापाशी डॉक्टरबाई उभ्या होत्या. मामा तिकडे गेले.

"पाणी एकाच बाजूला आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि ती सरळ थांबली."

"तिन्ही वेळा."

बाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "यांना वेगाची भारी हौस. त्या दिवशी निघताना मी सांगितलं होतं, आज रस्ते ओले आहेत, हळू चालवा. सव्वीस वर्षं मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडतेय, मामा. एवढं साधं ऐकलं नाही म्हणून."

इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मामांना खपली धरलेल्या जखमेसारखी वाटत होती, तिला नख लावू नये म्हणून ते गप्प होते. जखम दुसरीच होती, हे त्यांना कुठे माहीत?

"बाई, ते हळूच चालवत होते."

बाईंनी वळून पाहिलं.

"दाराखालची आडवी पट्टी वाकली होती, तुटली नव्हती. वेग असता तर ती काडीसारखी मोडली असती. चाळीस असेल, फार तर पंचेचाळीस. आणि रंगावरचे ओरखडे सगळे आडवे होते. म्हणजे गाडी आडवी घसरत गेली. त्या पाण्यात तेव्हाची कुठलीही गाडी तशीच फिरली असती, कुणीही चालवत असतं तरी. त्यांची चूक नव्हती. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मला वाटलं, कशाला त्या दिवसाची आठवण काढून द्यायची." मामा म्हणाले. "चुकलं माझं, बाई."

बाईंनी त्या वाहत्या पाण्याकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मामांना आधी वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"म्हणजे माझं ऐकलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "अख्ख्या संसारात एकदा ऐकलं, आणि मला पत्ताच नाही!"

रुमालानं तोंड पुसून झाल्यावर त्यांनी काठी मामांच्या हातात दिली. "धरा. तुमच्या सुनेला सांगा, मला बसायचंय."

इंजिनियर हो-नाही करत होता. बाई म्हणाल्या, "मी हाडांची डॉक्टर आहे. माझी हाडं मला माहीत आहेत." सूनबाईनं त्यांना हळूच आत बसवलं, पट्टा लावला, कानात काही विचारलं. बाईंनी मान हलवली. मामा कठड्याशी दोन्ही हातांत काठी धरून उभे राहिले. गाडी सुटली, फवारा उडाला, गाडी थांबली. सरळ. दार लगेच उघडलं नाही. लांबून मामांना एवढंच दिसलं की सूनबाई बाईंकडे वळून बसली आहे, आणि बाईंनी तिचा हात धरलाय.

दुपारी सूनबाईनं कूपे मागितली. मामा शेजारी बसले. पहिल्या गिअरलाच दात खरखरले आणि ती ओशाळली.

"जबरदस्ती नको. थोडं थांब, मग टाक," मामा म्हणाले. "ती सांगते कधी टाकायचा ते."

दुसऱ्या फेरीला तिला ऐकू यायला लागलं. तिसऱ्या फेरीला ती वळणाच्या आधी गिअर उतरवून इंजिनचा सूर पकडायला शिकली. तिच्या कपाळावर घाम होता. सकाळी दुप्पट वेगानं जाताना नव्हता.

"बाबा, हिला दोन्ही हात, दोन्ही पाय आणि अख्खं डोकं लागतं," ती म्हणाली. "तिकडे मी चूक केली तर गाडी झाकून घेते. इकडे माझी चूक मलाच लगेच ऐकू येते. लोक असल्या गाडीतून डोंगर ओलांडायचे?"

"पोराबाळांसकट. पावसातून."

"काय माणसं असतील!"

मामांनी काचेबाहेर पाहिलं. सकाळी त्यांच्या मनात जो सामना चालू होता, त्याचा निकाल लावायची इच्छाच उरली नव्हती. ही गाडी ज्यांनी हातोडीनं घडवली, ती माणसं थोर. ज्यांनी बसून विचार केला की माणूस चुकणारच, रस्ता ओला असणारच, मग आपण काय करू शकतो, तीही तेवढीच थोर. त्यांना कुणी पाहिलेलं नाही, त्यांच्या भिंतीवर हातोड्या नाहीत, पण त्यांनीही कुणाच्या तरी घरातला माणूस परत आणून दिलाय, आणि त्या घराला ते कळणारही नाही.

संध्याकाळी मामा आणि सूनबाई बसनं घरी आले. जेवताना मामांनी दोन पेले आणि एक ओलं फडकं घेऊन बायकोला आणि मुलाला तो पट्टा समजावून सांगितला. एक पेला कलंडला आणि पाणी सगळीकडे झालं.

"सरळ थांबला नाही वाटतं?" बायको म्हणाली. पण ती फडकं पिळता पिळता ऐकत होती. बाईंचं हसणं मामांनी सांगितलं, तेव्हा तिचे हात थांबले.

मग मामा सुनेकडे वळले. "ते स्टेअरिंग आपोआप फिरतं, ते कसं? गाडीला कसं कळतं ती फिरायला लागलीय?"

सूनबाईनं बशी बाजूला सरकवली, कागद घेतला आणि चार चाकं काढली. मामांनी चष्मा लावून खुर्ची तिच्याजवळ ओढली.